समासातलं प्रश्नचिन्ह

पिशवीत दोन शहाळी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फुलस्केपची चार पानं. १९८५-८६च्या सुमारास माझे कितीतरी रविवार असे सुरू झाले. पेडण्याहून कोलवाळमार्गे म्हापसा, तिथं बस बदलून अस्नोड्यावरून डिचोली. तिथं एक निवृत्त मास्तर राहत. लिहू पाहणारी आसपासची पोरं आपले लेख घेऊन त्यांच्या दारात जात.

गोवा मुक्त झाल्यावर तीनच महिन्यांत, २४ मार्च १९६२ रोजी दैनिक 'गोमन्तक' सुरू झालं. १९७० साली 'नवप्रभा' आलं. गावोगावच्या माणसांना लिहायला जागा मिळाली. पण आमचं बोलणं कोंकणी आणि लिहिणं मराठी, तेव्हा पान पणजीला धाडण्याआधी कुणीतरी नजरेखालून घातलेलं बरं असे.

मास्तर सोप्यावर बसून निळ्या पेन्सिलीनं वाचत. ऱ्हस्व-दीर्घ मुकाट्यानं सुधारत. मात्र 'कुळागर' लिहिलं असेल तर त्याला हात लावत नसत. पोफळी, केळी, पोफळीवर चढलेली मिरवेल आणि मधून वाहणारं पाटाचं पाणी, एवढं सगळं सांगणारा दुसरा शब्द मराठीत कुठून आणायचा?

एकदा मी पेडण्याच्या पुनवेवर लिहिलं. कोजागरीच्या रात्री भगवतीच्या देवळापाशी निघणारी रवळनाथ-भूतनाथाची तरंगं, एका रात्रीत देऊळ बांधून मागणारा भूतनाथ, त्याची समजूत घालणारे लोक. शेवटी ठोकून दिलं, 'हजारोंचा जनसमुदाय भक्तिरसात न्हाऊन निघाला.' मास्तरांनी वाक्याखाली रेघ ओढली आणि समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.

"तूं खंय उबो आशिल्लो?"

"चायच्या दुकानाकडेन, मास्तर."

"मागीर थंयसावन दिसलें तें बरय."

तिथून मला दिसल्या होत्या नुसत्या पाठी. बापाच्या खांद्यावर बसलेलं एक पोर दिसलं होतं, आणि तरंग जवळ येताच उकळता चहा तसाच सोडून हात जोडणारा दुकानदार. तेच लिहिलं. पान पाकिटात घालून पणजीच्या बसच्या कंडक्टरकडे दिलं, आणि चौथ्या दिवशी ते छापून आलं.

आता मास्तर नाहीत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि ५ जानेवारी २०२३ला मोप्याच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. पेडण्यात दोन्ही नवलं एकाच थंडीत उतरली. त्यानंतर असे मदतनीस बरेच निघाले. त्यातला एक भाच्यानं माझ्या फोनवर घालून दिला.

गडी कामाचा आहे. रात्री अकरालाही ऱ्हस्व-दीर्घ बघून देतो, शहाळं मागत नाही. फक्त 'कुळागर' दिसलं की त्याची 'फळबाग' करतो. एके दिवशी सहज म्हटलं, पुनवेवर लिही पाहू. दहा सेकंदांत लेख हजर. गावाचं नाव 'पेर्नेम', भूतनाथाचा पत्ता नाही, केशरी दूध मात्र भरपूर. आणि शेवटी, हजारो भाविक भक्तिरसात न्हाऊन निघाले!

माझंच चाळीस वर्षांपूर्वी खोडलेलं वाक्य परत आलं होतं. मला हसू आलं, मग जरा शरमही वाटली. त्यानं ते आमच्याकडूनच उचललं असणार. ज्या हजारो लेखांच्या समासात कुणी प्रश्नचिन्ह काढलं नाही, त्या लेखांतून.

तेव्हापासून मी त्याला लिहायला सांगत नाही. माझं लिखाण त्याच्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, सुधारू नकोस, विचार. परवा त्यानं विचारलं, 'त्या वेळी तुम्ही नेमके कुठे होता?' क्षणभर डिचोलीच्या सोप्यावर बसल्यासारखं वाटलं. उत्तर सुचेना, म्हणून फोन उपडा ठेवला आणि जेवायला उठलो. त्याचं काहीच अडलं नाही.

मास्तरांकडे हे चालत नसे. पुढच्या रविवारी पिशवीत शहाळ्यांबरोबर उत्तरही न्यावं लागे.