शब्दांचा लिलाव

आमच्या घरात लिलाव हा शब्द भाकरीइतका ओळखीचा. वडील बाजार समितीत हमाल आहेत. कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती व्यापाऱ्यांचा घोळका कसा पडतो, बोली कशी चढत जाते, हे मी लहानपणापासून पाहत आलो. पण शब्दांचाही लिलाव होतो, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. आणि तेही मराठीच्या तासाला नव्हे!

तालुक्याला मामांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. गूगलवरची त्यांची जाहिरात मी सांभाळतो. त्यातून माझी फी निघते. कोणी ‘मोटर रिवाइंडिंग’ असे शोधले, की पापणी लवायच्या आत त्या शब्दांवर लिलाव होतो. बोली आपण आधीच लावून ठेवलेली असते. पैसे मात्र जाहिरातीवर क्लिक झाले तरच जातात. १९९८ साली अमेरिकेतल्या गोटू कंपनीने ही रीत आणली, तेव्हा ज्याची बोली मोठी तो वर, असा सरळ हिशेब होता. गूगलने २००२ मध्ये त्यात लोक ती जाहिरात कितपत उघडतात हेही धरले. ढोबळमानाने सांगायचे तर, २० रुपये बोली आणि दर्जा ४, तर गुण ८०. १२ रुपये बोली आणि दर्जा ८, तर गुण ९६. म्हणजे १२ वाला वर बसतो, आणि पुरते १२ही देत नाही. खालच्याला मागे टाकण्यापुरते, १० रुपयांच्या किंचित वर देतो.

मी हे मोठ्या ऐटीत वडिलांना सांगितले. ते म्हणाले, “मग यात नवं काय? आमच्याकडंबी व्यापारी दुसऱ्याच्या वर थोडंच चढतो.” अर्थशास्त्राच्या सरांनी हे जरूर ऐकावे.

मामांचा हट्ट एकच, “आपलं नाव वर दिसलं पाहिजे. वाढव बोली!” मी वहीत मांडून दाखवले. एका कामात त्यांना ४०० रुपये सुटतात. साधारण २५ क्लिकमागे एक काम येते. म्हणजे आमच्या लेखी एका क्लिकची किंमत १६ रुपये; त्यापुढे गेलो तर घरचे घालून धंदा. नुसता ‘मोटर’ हा शब्द आम्ही सोडून दिला, त्यात नवी मोटर घेणारेच फार. ‘कोर्स’, ‘नोकरी’ हे शब्द नकोच्या यादीत टाकले. हल्ली यंत्र आपणहून बोली ठरवते, पण आमची कामे इतकी थोडी की त्याला त्यातून शिकायला काही मिळत नाही. म्हणून हातानेच.

वर्गात आपण समानार्थी शब्द पाठ करतो. इथे दोन शब्द कधी सारखे नसतात. ‘रिवाइंडिंगचा दर’ शोधणारा नुसती चौकशी करतो. एप्रिलात रात्री ११ वाजता ‘मोटर जळाली’ लिहिणारा विहिरीवर उभा असतो. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते, आणि पीक सुकत असते. तो पहिल्या नावालाच फोन लावणार. त्या वेळेपुरती बोली टक्क्यांनी वाढवायची सोय आहे. हात आकड्यावर गेला खरा, पण कोणाच्या अडचणीवर आपण बोली चढवतो आहोत, हे मनाला बोचले.

“मामा, रात्री फोन आला तर तुम्ही जाल?”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “जाईन. सकाळपर्यंत भरून देईन. पण रोज नाही जमायचं, बाबा.”

मग मी रात्रीसाठी ३० टक्के वाढवले. १२ चे १५ रुपये ६० पैसे झाले. संध्याकाळी मामांना विचारतो, ते ‘हो’ म्हणाले तरच जाहिरात रात्री चालू ठेवतो. गेल्या आठवड्यात त्यांना ताप होता. तीन रात्री आमचे नाव कुठेच नव्हते.