अहवालातला ‘अनिश्चित’ आणि एक जंत

जनुकीय अहवालात ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’ असे आले की पालक मला विचारतात, “डॉक्टर, म्हणजे बाळाला धोका आहे की नाही?” उत्तर शोधायला सी. एलेगन्स हा कुजत्या फळांवर वाढणारा, जेमतेम १ मिलिमीटरचा, निरुपद्रवी जंत मदत करतो.

२०१३ पासून त्यात क्रिस्पर वापरतात. कॅस-९ प्रथिन आणि मार्गदर्शक आरएनए जंताच्या जननग्रंथीत टोचतात. डीएनए ठरल्या जागी कापला जातो आणि सोबत दिलेल्या नमुन्याप्रमाणे सांधला जातो. जंतात त्या जनुकाचा जोडीदार असेल, तर रुग्णातला बदल त्याच्या पिल्लांत उतरवता येतो. मग ती नीट हलतात का, वाढतात का, हे पाहायचे.

जंताला हृदय नाही, रक्त नाही; त्यामुळे एवढ्यावर निदान होत नाही. पण पुरावे साठत जातात. म्हणून मी पालकांना सांगतो, अहवाल जपून ठेवा आणि दोनेक वर्षांनी पुन्हा तपासून घ्या.