असीरगडच्या पायथ्याची नाणी

इंदूरहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता मोरटक्क्याला नर्मदा ओलांडतो, सनावद आणि खंडवा मागे टाकतो आणि सातपुड्याच्या रांगेत शिरतो. तेथे एका वळणावर असीरगड समोर उभा राहतो. पायथ्यापासून गडाची उंची सुमारे अडीचशे मीटर. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या प्रत्येक सैन्याला ह्या गडाच्या नजरेखालूनच जावे लागे, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. 1601 साली अकबराने हा गड घेतला आणि त्या विजयाची आठवण म्हणून ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडली. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हा गड आणि बुऱ्हाणपूर शहर पेशव्यांकडे आले. माळव्यात व निमाडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना ह्या वाटेविषयी जिव्हाळा वाटतो, तो ह्याच इतिहासामुळे.

अशा ह्या गडाच्या पायथ्याशी 2025 च्या मार्च महिन्यात जे घडले, ते वर्तमानपत्रांतून अनेकांनी वाचले असेल. महामार्गाच्या कामातील माती शेतांत पडली, तीत जुनी नाणी सापडली, अशी आवई उठली. त्यातच फेब्रुवारीत ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला होता आणि बुऱ्हाणपूरच्या मोगली संपत्तीची चर्चा घरोघर चालू होती. मग काय विचारता! अंधार पडला की लोक विजेऱ्या, कुदळी, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेतांत उतरू लागले. रात्रीतून शेतेच्या शेते खड्ड्यांनी भरून गेली.

पुढे आम्ही त्या बाजूस गेलो असताना बांधावर भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलणे झाले. नाणी कोणास मिळाली हे त्यांस ठाऊक नव्हते. शेताची वरची कसदार माती खाली गेली आणि खालचा मुरूम वर आला, एवढे मात्र त्यांनी आम्हांस हाताने उकरून दाखवले.

इतिहासाची पाने थोडी उलटली असती, तरी हा खटाटोप टळता. संभाजीराजांच्या फौजेने 1681 च्या आरंभी लुटले ते बुऱ्हाणपूरच्या तटाबाहेरील बहादूरपुरा व इतर संपन्न पुरे. असीरगड तेथून सुमारे वीस किलोमीटर उत्तरेस आहे, आणि ती लूट तर चोपड्यावरून साल्हेरच्या किल्ल्याकडे गेली. तिचा शोध असीरच्या शेतात घेण्यात अर्थ नव्हता.

ह्याचा अर्थ तेथे जुनी नाणी सापडणारच नाहीत, असा नव्हे. बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती, गडावर शिबंदी होती, आणि पेढ्या सर्वांच्या आवाक्यात नसलेल्या काळात गाडग्यात पैसे घालून ते पुरून ठेवण्याची चाल सर्वत्र होती. परंतु नाणे उचलले की त्याची जागा पुसली जाते. ते किती खोल होते, सोबत खापरे होती की कोळसा, एकटे होते की गाडग्यात, ह्यांवरून ते कोणी व केव्हा ठेवले हे कळते. जागेवाचून उरतो तो केवळ धातूचा तुकडा.

इंग्लंडात हा छंद रीतसर चालतो. 1992 साली सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते. त्यांना रोमन नाणी व चांदीचे चमचे दिसले. त्यांनी खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा जागच्या जागी नोंदवीत उचलला. नाणी भरली 14,865. कुजून गेलेल्या लाकडी पेटीत काय कसे रचले होते, हेही त्यांना उलगडता आले. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि तो हातोडाही ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसला!

आपल्याकडे नातवंडांच्या हट्टापायी कोणी असे यंत्र घरी आणलेच, तर त्याचे तंत्र व मर्यादा जाणून घ्याव्यात. यंत्राच्या तबकडीतील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह वाहतो; त्याच्या चुंबकीय प्रभावाने जमिनीतील धातूत लहानसा प्रवाह उत्पन्न होतो आणि त्याची चाहूल यंत्र आवाजाने देते. नाण्याएवढी वस्तू साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच कळते. आपली काळी जमीन लोहयुक्त खडकापासून झालेली असल्याने यंत्र उगाचच बोलते. म्हणून ते आधी त्या मातीशी जुळवून घ्यावे. तबकडी जमिनीलगत, सपाट आणि सावकाश फिरवावी. बहुतेक वेळा खिळे, बाटल्यांची बुचे आणि चांदीचा वर्ख वाटावा असा कागद हाती लागतो. निराश होऊ नये. अंगणात हरवलेली अंगठी किंवा नथ शोधण्यास मात्र हे यंत्र फार उपयोगी.

शोध आपल्याच अंगणात अथवा मालकाच्या परवानगीने करावा. गड, देवळे व जुन्या गढ्यांच्या आसपास यंत्र नेऊच नये. असीरगड हे संरक्षित स्मारक आहे. तेथे उकरणे हा गुन्हा ठरतो. जेथे विजेची तार वा नळ असेल तेथे कुदळ घालू नये. तोफगोळ्यासारखे काही दिसल्यास हात न लावता पोलिसांस कळवावे. लहान खुरप्याने माती उचलावी आणि खड्डा तेथेच बुजवावा. जुने नाणे मिळाल्यास चिंच, राख वा पितांबरी ह्यांनी घासू नये, अक्षरे जातात. कागदी पाकिटात ठेवून त्यावर जागा, खोली व तारीख लिहावी आणि शक्य तर जागचे छायाचित्र घ्यावे. एकाहून अधिक नाणी दिसली तर तेथेच थांबावे.

1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरांस लेखी कळवणे बंधनकारक आहे. लपवणाऱ्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. हाच कायदा प्रामाणिक माणसाची बाजूही घेतो. ठेवा बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा व एक चतुर्थांश मालकाचा; सरकारने तो घेतलाच, तर किमतीवर आणखी पाचवा हिस्सा द्यावा लागतो. हे ठाऊक असते तर त्या शेतांत रात्रीऐवजी दिवसा माणसे आली असती, आणि हातात कुदळीबरोबर वहीही असती.

सुटीत बुऱ्हाणपूरची मावाजिलबी खायला जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना असीरगडही चढवून दाखवावा. अश्वत्थामा येऊन फूल वाहतो अशी आख्यायिका असलेले महादेवाचे मंदिर पाहावे, मशिदीतील शिलालेख दाखवावेत. उतरताना पायवाटेवर एखादे खापर दिसले, तर ते मुलांना निरखू द्यावे आणि जेथे होते तेथेच ठेवायला सांगावे.