फक्त चूर्ण

माझ्या जुन्या केसपेपरवर ‘इतर औषधे’ असा एक रकाना होता. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांचे ते पेपर आता काढून बघितले, तर त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी माझ्याच अक्षरात दोन शब्द आहेत : ‘अ‍ॅलो. चालू’. कुठली गोळी, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, काही नाही. मधुमेहाच्या रुग्णांशी मी असं वागत नव्हते. त्यांच्या इन्सुलिनचे युनिटसुद्धा लिहून घ्यायची. कंपवातात मात्र त्यांचं ते त्यांच्यापाशी, आपलं आपल्यापाशी, असा माझा खाक्या. दोन्ही एकाच पोटात जातात, याचा विचारच केला नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला पुणं गाठायचं म्हणजे इथल्या माणसाचा अख्खा दिवस जातो. त्यामुळे तिकडून गोळ्या लिहून आणायच्या आणि मधल्या काळात ‘वैद्यबाईंकडे’ यायचं, असा बहुतेकांचा रिवाज. कंपवाताच्या रुग्णांना तपासायला माझ्याकडे वेळ होता, त्यांच्याशी बोलायला सवड होती आणि आपल्याकडे त्यांच्यासाठी खास काहीतरी आहे, याचा मला अभिमान होता. त्या अभिमानानेच घोळ केला.

खास काहीतरी म्हणजे कवचबीज. रानात कुंपणावर चढणारी खाजकुइली, जिच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो, तिचं बी. ग्रंथांत ही आत्मगुप्ता, कपिकच्छू. तिथे तिचा मान मुख्यतः बल्य आणि वाजीकर म्हणून. कंपवाताशी तिचं नाव घट्ट जोडलं गेलं ते आधुनिक रसायनशास्त्रामुळे. 1937 साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं. त्या वेळी पार्किन्सन्सशी त्याचा काही संबंध आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पुढे वीसेक वर्षांनी कळू लागलं. रोटरीच्या, ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानांत मी ही गोष्ट रंगवून सांगायची. ‘त्यांची गोळी ती आपल्या कुंपणावर’ या वाक्याला हमखास टाळी पडायची. ते वाक्य खरं मानलं तर पुढचा हिशेब आपोआप येतो. तो मी केला नाही.

नाना एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पहिल्यांदा आले ते उजवा खांदा आखडला म्हणून. मी अवबाहुक ठरवून मोकळी झाले. महानारायण तेलाचा अभ्यंग, पानांच्या पोटळीचा शेक, नस्य. काकू सोबत यायच्या आणि बोलता बोलता सगळं सांगून जायच्या : यांना हल्ली फोडणी करपली तरी वास येत नाही, पोट तर वर्षानुवर्षं साफ नाही, झोपेत ओरडतात, हात झाडतात. प्रत्येक तक्रार मी वेगळ्या ओळीवर लिहिली आणि प्रत्येकीला वेगळं औषध दिलं. चालताना तो उजवा हात हलत नाही, हे मला दिसलं नाही, कारण मी त्यांना चालायला लावलंच नव्हतं. माझ्याकडे आलेला रुग्ण थेट टेबलावर झोपायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या बोळातून दोन फेऱ्या मारायला सांगितल्या आणि निदान केलं. पार्किन्सन्स कधीकधी आखडलेल्या खांद्याच्या रूपाने आधी दिसतो, हे त्यांच्या पुस्तकांत छापलेलं आहे.

गोळ्या सुरू झाल्या. एकशेदहाची, दिवसातून तीनदा. म्हणजे प्रत्येक गोळीत 100 मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि 10 मिलिग्रॅम कार्बिडोपा. मी रकान्यात ‘अ‍ॅलो. चालू’ लिहिलं आणि कवचबीज चूर्ण दिलं, सकाळ-संध्याकाळ चमचाभर, कोमट पाण्यातून. फरक असा पडला की मीच चकित झाले. नाना शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. काकूंनी पेढे आणले. मी पुढच्या व्याख्यानात त्यांचा किस्सा सांगितला.

मग एक दिवस नाना स्टुलावर बसले होते आणि बसल्या बसल्या त्यांची मान, खांदा, कंबर वळत राहिली, अंगात आल्यासारखी. कंप नव्हता तो. कंपाला एक ठेका असतो, याला नव्हता. मी नाडी बघितली, वात फारच वाढलाय म्हणाले आणि चूर्ण दुप्पट केलं.

ही माझी सगळ्यात मोठी चूक. औषध जास्त झाल्याची खूण मी रोग वाढल्याची खूण समजले आणि तेच औषध आणखी दिलं. पुढे नानांना रात्री मधल्या खोलीत माणसं दिसू लागली, तीही विनातिकीट. ‘ह्यांना उतरवा आधी’ म्हणून ते काकूंच्या मागे लागायचे. काकू हे मला हसत सांगायला लागल्या आणि अर्ध्यावर त्यांना रडू आलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता? काकू म्हणाल्या, ‘काही नाही हो, फक्त चूर्ण.’ त्यांनी माझा नंबर मागून फोन केला. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, ‘मॅडम, दिवसाला किती ग्रॅम?’ मी म्हटलं, आता दोन-दोन चमचे. ‘ग्रॅममध्ये सांगा ना.’ मला सांगता येईना. फोन ठेवून मी चमचा काट्यावर ठेवला. सपाट नाही, शीग लावून भरलेला, काकू भरत असतील तसा. साधारण पाच ग्रॅम. बियांत लेव्होडोपा 4 ते 6 टक्के धरतात, जात आणि माल यांप्रमाणे कमी-जास्त. पाच टक्क्यांनी एका चमच्यात 250 मिलिग्रॅम. सुरुवातीलाच मी रोजचे 500 देत होते, दुप्पट केल्यावर हजार. डॉक्टरांच्या गोळ्यांतून जात होते 300. त्यात कार्बिडोपाचं काम असं की लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधी वाटेत खर्ची पडू द्यायचं नाही. ती जोडीला असली की एरवीच्या साधारण पाव मात्रेत भागतं. आणि ती गोळीतलं लेव्होडोपा कुठलं, बीमधलं कुठलं, असा भेद करत नाही. चूर्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केलं, मग बंद केलं. अंगाचं वळणं हळूहळू कमी झालं, मधली खोलीही रिकामी झाली.

दुसरी चूक सांगताना जास्त लाज वाटते, कारण तिची माहिती मला तोंडपाठ होती. कंपवाताच्या एका मावशींना झोप नव्हती, रक्तदाबही वर होता. मी सर्पगंधा दिली. सर्पगंधेचा इतिहास हा माझ्या व्याख्यानांतला दुसरा हुकमी भाग : मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, 1949 सालचा त्यांचा ब्रिटिश हार्ट जर्नलमधला लेख, आपल्या मुळीची जगभर झालेली वाहवा. पुढची गोष्टही मी वाचलेली होती. याच मुळीतल्या रिसर्पिनने सशांच्या मेंदूतलं डोपामिन रितं होतं, ससे निपचित पडतात. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 साली त्यांना डोपा टोचलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं औषध झालं त्याचं मूळ या प्रयोगात आहे. इतकं सगळं ठाऊक असून मी मावशींना सकाळी कवचबीज आणि रात्री सर्पगंधा देत होते. एकीने डोपामिन भरायचं, दुसरीने उपसायचं. दोन्ही बरण्या माझ्या दवाखान्यात एकाच फळीवर होत्या. मावशी दिवसेंदिवस जड होत गेल्या आणि मी आमवाताचा विचार करत बसले.

स्वेदनाच्या पेटीतला अपघात तर माझ्यासमोर झाला. या आजारात उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो, गोळ्यांनीही उतरतो आणि वाफेने शिरा सैल पडून आणखी उतरतो. एक गृहस्थ पेटीतून प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले, दोन पावलं टाकली आणि तेलकट फरशीवर कोसळले. कपाळाला टाके पडले. हाड मोडलं नाही हे नशीब. रक्तदाब मी बघितला होता, पण बसवून.

आणि निवृत्त शिक्षकांची केस. तिच्याबद्दल मी कित्येक वर्षं ‘मी गोळ्या बंद करा म्हटलंच नव्हतं’ असं सांगत आले. शब्दशः ते खरं आहे. मी त्यांच्या मुलाला म्हटलं होतं, ‘आपण केमिकलच्या गोळ्या हळूहळू कमी करत नेऊ.’ कुणी, कशा, किती दिवसांत, हे सांगितलं नाही. पुढच्या खेपेला बोलू असं मनात होतं. गोळ्या ‘उष्ण पडतात’ असं घरात सगळ्यांना वाटतच होतं. त्यांनी एका रात्रीत सगळ्या बंद केल्या. काही दिवसांतच ताप, शुद्ध हरपलेली, अंग लाकडासारखं ताठ. लेव्होडोपा अचानक तोडलं की असं होऊ शकतं आणि जिवावर बेतू शकतं. कऱ्हाडला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. ते वाचले, पण आधी काठी टेकत देवळापर्यंत जायचे, ते पुन्हा जमलं नाही. मुलगा मला अजूनही नमस्कार करतो. त्याने भांडण काढलं असतं तर सोपं गेलं असतं.

दुधाचं सांगायचं राहिलं. आमचं आवडतं अनुपान दूध. गोळी कोरडी पडते, कपभर दुधासोबत घ्या, असं मी सर्रास सांगायची. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरताना प्रथिनांतले घटक लेव्होडोपाशी स्पर्धा करतात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, पाण्यासोबत घ्यायची असते. ‘गोळी लागतच नाही’ म्हणणाऱ्या काही रुग्णांना माझं दूध नडत होतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग आयुर्वेद सोडा. मी सोडलेला नाही. बद्धकोष्ठ हा या रुग्णांचा मोठा जाच. पोट तुंबलं की गोळीसुद्धा नीट लागत नाही. एरंडेल, बस्ती, आहारातले बदल यांनी मी त्यांना खरा आराम देऊ शकते. आखडलेल्या अंगाला हलक्या हाताने तेल लावणं, घरच्या माणसाला ते शिकवणं, यानेही रुग्ण सुखावतो. कवचबीजही खोटं नाही. 1995 साली 60 रुग्णांवर 12 आठवडे त्याच्या तयार औषधाची चाचणी झाली, 2004 मध्ये लंडनला आठ रुग्णांवर, 2017 मध्ये बोलिव्हियात अठरा जणांवर. तिन्हींत बी काम करतं असं दिसलं. पण ते काम करतं लेव्होडोपा म्हणून, आणि या छोट्या चाचण्यांतून रोग थांबतो असं कुठेही दिसलेलं नाही. मी व्याख्यानात लंडनचं नाव घ्यायची आणि आठ हा आकडा गाळायची.

आता मी बसवून आणि उभं करून असा दोनदा रक्तदाब बघते, रुग्णाला चालायला लावते, गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडून घेते आणि पुण्याच्या डॉक्टरांना पत्र देते. कवचबीज त्यांना विचारल्याशिवाय देत नाही. यामुळे काही रुग्ण कमी झाले. मागच्या आठवड्यात सोलापूरहून एकांचा फोन आला. वडिलांसाठी चूर्ण कुरिअरने पाठवता का? मी गोळ्यांची नावं विचारली, वेळा विचारल्या, भास होतात का विचारलं. ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही फारच चौकशा करता. ऑनलाइन अर्धा किलोचा डबा मिळतोय, तोच मागवतो.’ मी म्हटलं, मागवा, पण डॉक्टरांना डबा दाखवा आणि चमचा काट्यावर ठेवून बघा. फोन कट झाला होता की त्यांनी ऐकून ठेवला, ते कळलं नाही.