कुलपातली गोळी

दिसायला अगदी साधी. दहा मिलिग्रॅमची, चवीला कडू. हॉस्पिटलात मात्र तिचा मुक्काम कुलपात, आणि बाहेर पडायचं तर आधी रजिस्टरात नोंद. मॉर्फिनच्या या गोळीचं माहेर म्हणजे नीमच-मंदसौरकडची अफूची शेतं. तिथे बोंडाला चीर दिली की जो चीक पाझरतो, त्यातून ती येते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं.

ही गोळी जखम भरत नाही. मेंदूकडे निघालेली कळ वाटेतच मंद करते, एवढंच तिचं काम. हाड मोडलं, भाजलं, मोठं ऑपरेशन झालं, अशा ताज्या दुखण्यात ती खरी सोबतीण. कारण दूर झालं की ते दुखणं ओसरतं, आणि मग तिनेही थोड्या दिवसांत निरोप घ्यायचा असतो.

तीन महिन्यांच्या वर मुरलेल्या दुखण्याची गोष्ट वेगळी. कंबर ठणकते, गुडघे धरतात. कधी मूळ इजा भरून आलेली असते, तरी नसा जुनीच तक्रार सांगत राहतात. तिथे तिचा फारसा उपयोग नाही. शरीर तिला सरावतं, मात्रा चढत जाते, कधीकधी तर तिच्यामुळेच दुखणं जास्त जाणवू लागतं. अमेरिकेत १९९६ साली तिच्याच कुळातलं ऑक्सिकॉन्टिन आलं आणि असल्या दुखण्यांवरही सढळ हाताने लिहून दिलं गेलं. त्याच्या व्यसनाने किती घरं बसली!

पण व्यसनाच्या धास्तीने आपण मॉर्फिनला कॅन्सरच्या रुग्णापासूनही दूर ठेवलं, याचा मला मनापासून संताप आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात अनेक दवाखान्यांनी तिला ठेवणंच सोडून दिलं. २०१४च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, मनातली भीती मात्र हटली नाही. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ असं नातेवाईक अजूनही म्हणतात. तसं नाही. कॅन्सरच्या कळांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधारण दर चार तासांनी, बेताची मात्रा दिली तर माणूस जेवतो, झोपतो, घरच्यांशी बोलतो. शौचाला खडा होतो, म्हणून सोबत रेचक लागतं. मात्रा चुकली तर श्वास मंदावतो, म्हणून आपल्या मनाने एकही गोळी वाढवायची नाही.

घरात कोणी कॅन्सरने तळमळत असेल, तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना गाठा आणि मॉर्फिनबद्दल स्पष्ट विचारा. विचारायला उशीर करू नका.