सागरतळावरची नांगरट

देऊळघाटाजवळच्या डोंगरांत पैनगंगा उगम पावते. तिच्या काठच्या शिवारांत उन्हाळ्यात नांगर चालतो व मोठमोठी ढेकळे वर येतात. मृगाच्या सरी कोसळल्या, की ती विरघळतात. वखराच्या पाळ्या होतात, पेरणी होते, आणि नांगराचे तास कोवळ्या अंकुरांखाली दिसेनासे होतात. एका पावसाळ्यात जमीन आपले घाव विसरते.

पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या संगतीने अखेर सागरास मिळते. सागराच्या तळाशीही भूमीच आहे; परंतु तिचा स्वभाव निराळा. चार-पाच हजार मीटर खोलीवर सूर्याचा किरण पोहोचत नाही. वरच्या थरांतील मृत जीवांचे कण सावकाश खाली उतरतात. तेवढेच तेथले अन्न. तरीही त्या गार चिखलात कृमी, चिमुकले कवचधारी जीव व समुद्रकाकड्या सुखाने नांदतात. चिखलावर बटाट्याएवढाले काळे खडे विखुरलेले असतात. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट हे धातू असतात. असा खडा दहा लक्ष वर्षांत अवघा काही मिलिमीटर वाढतो. स्पंजासारखे कित्येक जीव त्या खड्यांनाच चिकटून राहतात.

मनुष्यास हे धातू हवे आहेत. पण ते उपसले, तर तेथील जीवांच्या वस्तीचे काय होईल? हे जाणण्यासाठी 1989 साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरू देशासमोरील महासागरात सुमारे 4,150 मीटर खोलीवर आठ मीटर रुंदीचा नांगर ओढला. 1997 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागराचा, पाच हजार मीटरांहून खोल असलेला तळ एका पट्ट्यात ढवळून पाहिला. तेथील जीवांची संख्या तत्काळ घटली. पुढील काही वर्षांत शास्त्रज्ञ पुनःपुन्हा तेथे गेले. काही जीव परतू लागले होते. परंतु वस्ती पूर्ववत झाली नव्हती.

पेरूसमोरच्या तळाची 2015 साली पुन्हा पाहणी झाली. मध्ये 26 वर्षे लोटली होती. तरी नांगराचे तास स्पष्ट दिसत होते! हिंडणाऱ्या समुद्रकाकड्या बऱ्याच अंशी परतल्या होत्या. पण खडे चिखलात गाडले गेल्याने त्यांवर राहणाऱ्या जीवांना थारा उरला नव्हता. तेथे ना मृगाचा पाऊस, ना वखराची पाळी. घाव भरावा तरी कशाने?

धातूंची गरज खोटी नाही, आणि त्या मुक्या जीवांचे घरही खोटे नाही. जाणता शेतकरी वाफसा पाहिल्यावाचून औत जुंपीत नाही. ज्या भूमीवरचा तास पाव शतकातही बुजत नाही, तेथे नांगर घालण्यापूर्वी तर मनुष्याने किती थांबावे, किती पाहावे!