विंचवाची मोटार

वयाची अठ्ठावन्न वर्षें उलटल्यावर धांवरी मोटार घ्यावी ही बुद्धि आम्हांस कां झाली, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप सांपडलेलें नाहीं. इतकें मात्र खरें कीं, वैरागच्या घराच्या माळवदाची माती काढून तेथें स्लॅब घालावा म्हणून जे साडेचार लाख रुपये आम्हीं सांठविले होते, त्यांच्याकडे पाहतांना आम्हांस स्लॅब दिसेनासा झाला होता.

फियाट या नांवाबद्दल सोलापूरकरांस थोडें ममत्व असणें स्वाभाविक आहे. ज्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली व जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट गाड्या बाहेर पडूं लागल्या, ते मूळचे सोलापूरचेच. थोरल्या काकांची फियाट आम्हीं लहानपणीं पुष्कळदां पुसली. चालविली मात्र कधीं नाहीं. आतां जी गाडी मनांत भरली होती ती त्याच घराण्यांतली, परंतु अगदीं निराळ्या वृत्तीची. अबार्थ पुंटो हें तिचें नांव. २०१५ सालीं ती रांजणगांवच्या कारखान्यांतून निघूं लागली आणि २०१९ सालीं फियाटनें आपल्या गाड्या येथें करण्याचें थांबविल्यावर तिचा वंश खुंटला. इंजिन १३६८ सी. सी. चें, म्हणजे साध्या संसारी गाडीएवढेंच. शक्ति मात्र १४५ अश्वांची. ही किमया टर्बोची. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या झोतावर एक लहानसें चाक फिरवावयाचें, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानें बाहेरची हवा दाबून आंत कोंबावयाची, आणि हवा अधिक म्हणून पेट्रोलहि अधिक जाळावयाचें, असा हा हिशेब आहे. तें चाक मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतें आणि त्याचा सारा जीव तेलाच्या पातळ थरावर अवलंबून असतो.

अशी गाडी जुनी घ्यावयाची तर ती कमी धांवलेली असावी, असें कोणीहि सांगेल. पुण्यास एका दलालानें आम्हांस तशीच एक दाखविली. आंकडा चौदा हजारांचा. परंतु क्लचचें पायदान झिजून गुळगुळीत झालेलें पाहून आम्हीं दुरुस्तीची वही मागितली. तींत दोन वर्षांपूर्वींचा आंकडा एकतीस हजारांचा होता! वय उतरवितां येत असेल तर आमचेंहि उतरवून द्या, इतकें बोलून आम्ही परत फिरलों.

दुसरी गाडी सोलापुरांतच निघाली. मालक अभियंते होते. गाडी घेतली, दोन वर्षांत आजारी पडले आणि पुढें गेले. त्यांच्या पत्नीनें ती छपराखालीं झांकून ठेविली होती. अकरा हजार किलोमीटर. येथें वही पटत होती. टायरांवर आठवडा व साल सांगणारे जे चार आंकडे असतात, तेहि गाडीच्याच वयाचे होते. परंतु उभी राहिलेली गाडी म्हणजे नवी गाडी नव्हे. रबर कोरडें पडतें, पेट्रोल नासतें, बॅटरी मरते, आणि इंजिनाचा टायमिंग पट्टा किलोमीटरांनींच नव्हे तर वर्षांनींहि म्हातारा होतो; तो तुटला तर इंजिनाचा ग्रंथ आटोपण्याची भीति. हे सारे दोष आम्हीं बाईंस मोजून सांगितले. सांगण्यांत आमचा फायदाच होता. किंमत विचारतां त्या म्हणाल्या, “पुतण्या म्हणतो, कंपनी बंद पडलेल्या गाडीचे दोन लाखहि फार झाले. तुम्हांला जमेल तें द्या, भाऊ.”

कंपनी थांबली म्हणूनच हिचे चाहते हिला शोधीत फिरतात व चार लाख सहज मोजतात, हें आम्हांस ठाऊक होतें. दोन लाखांत गाडी आली असती आणि उरलेल्यांत स्लॅबहि सुरू झाला असता! आम्ही चहा प्यालों, “उद्यां कळवितों” म्हणालों आणि वडाळ्यावरून घरीं आलों.

रात्रीं सर्व हकीगत ऐकून सौभाग्यवतींनीं विचारलें, “दोष सगळे सांगितलेत ना? मग भाव सांगितलात का?”

भाव विकणाऱ्यानें काढावयाचा असतो, असें आम्हीं उत्तर दिलें.

“अहो, त्या पुण्याच्या दलालालाहि असेंच कांहीं वाटलें असेल,” त्या म्हणाल्या आणि भांडीं आंवरूं लागल्या. स्लॅब कीं गाडी, हा निर्णय त्यांनीं आम्हांवरच सोपविला. याहून कडक दंड आम्हांस माहीत नाहीं.

सकाळीं आम्हीं दूरध्वनि केला व खरा भाव सांगितला. बाई बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “ते असते तर त्यांनीं ती विकलीच नसती.” पट्टा, टायर, बॅटरी व रबरी नळ्या यांचा खर्च चार लाखांतून वजा करून व्यवहार ठरला. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या. गाडी बाहेर काढतांना त्या फाटकाशीं आल्या नाहींत. आंतूनच निरोप दिला.

गाडीवर विंचवाचें चिन्ह आहे. १९४९ सालीं इटलींत ही संस्था काढणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक होती म्हणे. आमच्या माळवदांतून खरेच विंचू पडतात. तेव्हां घरांत त्याचें कोणास अप्रूप नाहीं. बार्शीच्या रस्त्यावर, दोहों बाजूंस शाळू उभा असतां, पाय जरा दाबला कीं क्षणभर कांहींच होत नाहीं आणि मग कोणीं पाठीवर तळहात ठेवून ढकलावें तसें होतें. परत आल्यावर इंजिन लगेच बंद करावयाचें नसतें. टर्बो तेलांत निवावा म्हणून मिनिटभर चालूं ठेवावें लागतें. यंदाच्या पावसांत त्या मिनिटाला आम्ही गाडींत बसून असतों, आणि समोर ओसरीवर सौभाग्यवती गळतीखालचें भरलेलें घमेलें काढून दुसरें लावीत असतात.